आधी कपडे, मग रामराम

फसली तेराशे अठ्ठेचाळीस. मी बावीस वर्षांचा, नवाकोरा जवाई, आणि ऐन संक्रांतीच्या दिवशी उघड्या बांधावर माझ्या सासऱ्यानं मला धोतर सोडायला लावलं.

फसली म्हणजे तेव्हाचं सरकारी साल. राज्य निजामाचं होतं, साल त्याचं, शिक्का त्याचा. पण वांकिडीच्या बाजूला, नाल्याच्या पलीकडं विहिरीजवळ कांद्याचा एक तुकडा होता, तिथं फक्त डोमाजीचं राज्य चालायचं. डोमाजी म्हणजे माझा सासरा. बायको कधीच गेलेली. एकुलती लेक भागी, ती माझ्या घरी आलेली. कांद्याची रोपं लावली की हा बाबा गावातल्या घराला कुलूप घालून शेतातल्या खोपडीत राहायला जायचा, तो कांदा निघाल्यावरच परतायचा. म्हणून त्याला भेटायचं तर बांधावर जावं लागे.

बांधावर एक बाभूळ होती. बाभळीला खुंटी, खुंटीवर एक आखूड धोतर, खाली चुलीवर राखेच्या पाण्याची कढई. मी भागीला घेऊन पोचलो, हात जोडले, म्हटलं, "रामराम मामाजी."

त्यानं हात आडवा केला.

"कोणत्या वाटेनं आले, जवाईबापू?"

"आमच्या वावरातून."

"वावरात काय हाय?"

"कांदा हाय थोडा."

"मंग आधी कपडे. मंग रामराम."

"अहो, मी जवाई हाय तुमचा!"

"जवायाच्या धोतरात धुई बसत नाई, हे कोणी सांगतलं तुमाले?"

आता धुईचं सांगतो. आमच्याकडं थंडीत सकाळी नाल्यावरून धुकं उठतं, त्याला धुई म्हणतात. ती चार सकाळी बसून राहिली की कांद्याच्या पातीवर राखाडी-जांभळी लव येते. शिळ्या भाकरीवर येते तशी. मग पात पिवळी पडते, मान टाकते, आणि खाली कांदा पोसतच नाही. सगळा मुलूख म्हणे, धुई आभाळातून पडते, तिच्यापुढं माणूस काय करणार? डोमाजी म्हणे, "पडत नाई. चालत येते. धोतरात बसून येते."

ही अक्कल त्याला कुठून आली? तर प्लेगच्या साली. जवानीत तो चांद्याकडं गेला होता. वाटेत नाक्यावर सरकारी माणसांनी सगळ्यांना अडवलं आणि अंगावरचे कपडे काढून भल्या मोठ्या कढईत उकळले. नाक्यावरचा जमादार ओरडायचा, "पहले कपडा, बाद में सलाम!" बाकीच्यांनी शिव्या दिल्या. डोमाजी मात्र कढईकडं पाहत राहिला. त्याला वाटलं, जो बंदोबस्त माणसाला चालतो तो कांद्याला का चालू नये? घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच जमादार झाला.

त्याच्या कांद्याला रोग कमी लागे, हे मी कबूल करतो. पण तो रोपं विरळ लावायचा, वारा खेळेल अशी. संध्याकाळी पाणी देत नसे, ऊन चढल्यावर द्यायचा. पातीवर दव असेतो वाफ्यात कोणाला पाय टाकू देत नसे, स्वतःही टाकत नसे. बी धरायचे कांदे एकेक हातात घेऊन निवडायचा. एक पात पिवळी दिसली की रोपच उपटून चुलीत. त्याला कोणी म्हटलं की डोमाजी, या मेहनतीनं तुझा कांदा वाचते, तर त्याला राग येई. "ते समदं झालं," तो म्हणे, "पण असल काम धोतराचं."

एकदा गिरदावर साहेब आला. पटवाऱ्याच्या वरचा अंमलदार. घोड्यावर, शेरवानीत. डोमाजीनं त्यालाही आडवा हात केला. सोबतचा पटवारी पांढराफटक पडला. डोमाजी झुकून म्हणाला, "हुजूर, सरकारचाच दस्तूर हाय. पहले कपडा." साहेबानं खुंटीवरचं धोतर पाहिलं, स्वतःचं पोट पाहिलं, आणि घोड्यावरूनच पिकाची पाहणी आटोपली. तरी घोड्याचे खूर राखेच्या पाण्यानं धुऊनच डोमाजीनं त्याला बांधाजवळ उभं राहू दिलं. पुढं वर्षभर तो सांगत होता, "सरकारबी माह्या बांधावरून माघारी गेलं."

तर ते धोतर मी नेसलो. गुडघ्याच्या वरच संपलं ते. भागीला त्यानं खोपडीत पाठवलं, ती हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. मला तिच्याकडं बघायला सवड कुठं होती? गावातल्या बायका भागीला वाण द्यायला बांधाबाहेर उभ्या होत्या. एक जण तोंडाला पदर लावून म्हणाली, "काऊन वं भागे, तुहा नवरा अजून शाळेत जाते काय?"

मी शाळेत दोनच वर्षं गेलो होतो. ते बोलणं मला फार लागलं.

आता लग्नातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मांडवात डोमाजीनं लेकीसाठी लुगडं आणलं होतं. माझ्या बानं काठ चिमटीत धरला आणि चारचौघांत म्हणाला, "व्याही, हे लुगडं हाय का तरट?" डोमाजी म्हणाला, "तरट तुमच्या बैलाच्या पाठीवर हाय. तेच तुमाले वळखू येते." झालं. दोघंही पेटले. बानं हात उचलून सांगितलं, "आजपासून तुमच्या घरची चिंधीबी माह्या उंबऱ्याच्या आत येणार नाई. लेक आमची झाली, आमी नेसवू." डोमाजीनं ते लुगडं घडीवर घडी घालून काखेत मारलं आणि म्हणाला, "नाई तर नाई." बाचा शब्द घरात कायदा होता.

त्या संक्रांतीला संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा बा ओट्यावर बसला होता. त्यानं माझ्या मांड्या पाहिल्या आणि हसायला जो लागला, तो खांब धरून हसला. आई आली, शेजारी आले. "येडा व्याही भेटला रे मले, येडा!" मग त्याला भागीचं लुगडं दिसलं. "हे कुठलं वं?" भागी खालमानेनं म्हणाली, "त्याईचा नियम हाय. माहं जुनं कढईत टाकलं." बानं माझ्याकडं बोट केलं, परत हसला, आणि भागी आत गेली. आठवड्यानं माझं धोतर उकळून, पांढरंशुभ्र होऊन आलं. भागीच्या लुगड्याचा निरोप आला की उकळता उकळता फाटलं.

दुसऱ्या साली मी सांगून टाकलं, धोतर सोडणार नाही. भागीला बांधापर्यंत नेलं आणि मी बाभळीखाली बसलो. दिवसभर बसलो. सासऱ्यानं माझं जेवण लांब काठीला अडकवून बांधावरून पुढं केलं. "पुरणपोळी हाय, जवाईबापू!" "नाई पायजे!" "काऊन?" "मान पायजे!" "तो नाई केला आज. तूप देऊ?" तूप घेतलं मी. तुपाशी माझं भांडण नव्हतं.

त्या संध्याकाळी भागी जांभळ्या लुगड्यात आणि मी माझ्या धोतरात. बा या खेपेला हसला नाही. "याचं बदललं नाई, हिचंच काऊन बदललं? रोग काय बाईच्याच कपड्यात बसते?" त्यानं ते लुगडं सोडायला लावलं आणि गाडीवानाच्या बायकोला देऊन टाकलं.  भागीनं महिनाभर माझ्या कालवणात मीठ घातलं नाही. शेवटी विचारलं तर म्हणाली, "तुमी नेसले असते तर काय बिघडलं असतं?" मला वाटलं, बापाची बाजू घेते आहे. मी अळणी खात राहिलो, पण मागं हटलो नाही.

तिसऱ्या साली धुई अशी बसली की दुपार झाली तरी नाला दिसेना. आणि बातमी आली, डोमाजीच्या कांद्याला लागली. आमच्या गावानं सण झाल्यासारखं केलं. बा म्हणाला, "आता बांधाचा हुकूम खलास. सूनबाई, जाशीन त्याच लुगड्यात येशीन. दुसरं नेसून आली तर उंबऱ्याबाहेर राह्यशीन." भागी तिळाचे लाडू बांधत होती. तिचे हात थांबले, मग परत चालू झाले.

मी मात्र ताठ मानेनं निघालो. दोन वर्षांची उधारी फेडायची होती मला.

डोमाजी वाफ्यात वाकून पिवळी रोपं उपटत होता. गोणीत भरायचा, बांधावर आणून जाळायचा. निम्मा तुकडा उजाड झाला होता. आम्हाला पाहून आला. हात आडवा केला, पण अर्धाच.

"आधी कपडे..."

"मामाजी," मी म्हटलं, "आता कोणाचे कपडे अन् कोणाची धुई? ते तर घरच्यासारखी मांडी घालून बसली हाय तुमच्या वाफ्यात! आता मी बदलून आत जाऊ, का तिले बाहेर यायला सांगू?"

सासऱ्यानं गोणी खाली ठेवली. तो वाफ्याकडं बघत राहिला.

"नियम हाय," म्हणाला.

"कायचा नियम?"

"तुमी नका बदलू. तुमी जवाई हा. पण भागीचा... भागीचा तेवढा राहू द्या यंदा."

भागी पायाच्या बोटानं माती उकरत होती. मला तहान लागली होती, म्हणून मी खोपडीत शिरलो. माठ कोपऱ्यात होता. माठाशेजारी त्याचं अंथरूण. वर एक गोधडी. तिच्यात भागीचं लाल चौकड्याचं लुगडं होतं, पहिल्या साली उकळताना फाटल्याचा निरोप आला होता ते. दुसऱ्या सालचंही होतं. कुठंच फाटलेलं नव्हतं. सरळ कापून, पोतं शिवायच्या दाभणानं, बोटबोट लांब टाक्यांनी शिवलेलं. कोणा बाईचे टाके नव्हते ते. उशाच्या बाजूला काठ घेतला होता.

अंथरुणाच्या वर टोपली टांगलेली होती, वरून कडुलिंबाचा पाला. पाल्याखाली एक नवं निळं लुगडं. आणि त्याच्याखाली एक नवं धोतर. पायघोळ.

मी शिकलेला नाही, पण इतका अडाणीही नाही. माझं धोतर कढईतून धडधाकट परत आलं आणि लुगडंच तेवढं फाटलं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आणि दुसरंही कळलं. पहिल्या साली माझं हसं झालं म्हणून हिरवं लुगडं उंबऱ्याच्या आत गेलं. दुसऱ्या साली मी मान धरून बसलो, तर जांभळं गाडीवानाकडं गेलं.

मी पाणी प्यायलो. बाहेर येऊन घसा खाकरला.

"मामाजी, ते आखूड धोतर कुठं हाय?"

"काऊन? तुमच्यासाठी नवं आणलं ना मी. पायघोळ हाय, चांगलं घोट्यापर्यंत येते."

"पायघोळ नको. आखूड पायजे. आणि आता नाई, जाताना."

त्यानं मातीचे हात धोतराला पुसले.

मी मोठ्यानं, कोणी ऐकत असेल तर ऐकावं अशा आवाजात म्हटलं, "रोग आता तुमच्याकडं हाय, आमचा कांदा अजून धड हाय. मंग बदलून आत यायचं का बदलून बाहेर जायचं? धुई धोतरात बसून येते, हे तुमीच सांगता ना? लुगड्यातबी बसत असंन. आमी आमच्या वावरात नेऊ काय ते?"

डोमाजीनं भागीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग एकदम जमादार झाला. "बरोबर हाय," म्हणाला. "दस्तूर दोन्ही बाजूनं लागते. माह्याच ध्यानात नाई आलं." आणि पाठ फिरवून कढई ढवळायला लागला. चूल पेटवलेली नव्हती.

संध्याकाळी मी आखूड धोतरात सगळ्या गावातून, मुद्दाम पारावरून, घरी गेलो. बा ओट्यावर होता.

"हे काय रे?"

"रोग तिकडं हाय, बा. घरात आणू काय?"

त्यानं मांडीवर थाप मारली. "येडा व्याही, अन् आता माहं पोट्टंबी येडं!" हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या मागून भागी निळ्या लुगड्यात उंबरा ओलांडून आत गेली. बाला दिसलं नसेल असं नाही. पण डोळे पुसायला त्यानं बराच वेळ घेतला.

रात्री कालवणात मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बा उठायच्या आत, मी एकटाच नाला ओलांडून गेलो. डोमाजी बांधावर पाठमोरा बसला होता, पातीवरचं दव वाळायची वाट पाहत. निम्मा तुकडा अजून उपटायचा होता. मी बाभळीखाली उभा राहिलो, आखूड धोतर सोडून कढईत टाकलं, त्यानं खुंटीवर लावून ठेवलेलं पायघोळ नेसलो, आणि कोणी काही म्हणायच्या आधी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

त्यानं खुंटीकडं पाहिलं. कढईकडं पाहिलं.

"रामराम, जवाईबापू," तो म्हणाला.