एक खांब पळत, एक खांब चालत

वच्छलाबाईंनी ट्रंकेतून यात्रेची बाराबंदी काढली, उन्हात झटकली आणि नवऱ्याच्या हातात दिली. सिद्रामप्पांनी ती अंगात चढवली, श्वास आत ओढला, आणखी ओढला, पण पोटावरचे दोन्ही बंद काही एकमेकांना भेटेनात.

“धुण्यात आटली असंल,” ते म्हणाले.

“ट्रंकेत बसून कशी आटंल? तुमी फुगलाय.”

सिद्रामप्पांनी श्वास सोडला. काखेतली शिवण टर्रकन बोलली.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. संक्रांत महिन्यावर आली होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा घरांच्या माळवदांवरून उंच जाणारी ध्वजाची ती काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून चालायचं काम सोपं नाही. सिद्रामप्पांच्या वडिलांनी ती पेलली होती आणि वडिलांनंतर ते स्वतः पेलत आले होते. पण मागच्या वर्षी वेशीच्या अलीकडेच त्यांना धाप लागली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. काठी दुसऱ्याच्या पट्ट्यात द्यावी लागली. सराव घेणारे जुनेजाणते चनबसप्पा तेव्हा काही बोलले नाहीत. परवा मात्र रस्त्यात भेटल्यावर म्हणाले, “सिद्रामप्पा, औंदा बघू. आमचा शिवयोगी बी तयार झालाय आता.”

शिवयोगी म्हणजे चनबसप्पांचा पुतण्या. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि संध्याकाळी तालमीत. त्याच्या दंडाकडं बघूनच सिद्रामप्पांना धाप लागायची.

म्हणून ते डॉक्टरकडं गेले, तेही ओळखीच्या नव्हे, पार दुसऱ्या पेठेतल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पोटावर बोटं वाजवली.

“रोग काही नाही. बसून बसून दम गेलाय. पळायला लागा.”

“पळायला? या वयात?”

“एकदम नका पळू, आडवे व्हाल. एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. चालताना दम गोळा करायचा, पळताना खर्च करायचा.”

“कसला खांब?”

“विजेचा हो. रस्त्यानं रांगेत उभे असतात, दिसत नाहीत का तुम्हाला?”

सोलापुरात तेव्हा मोठी माणसं पळत नसत. पळणाऱ्या माणसामागं बैल तरी लागलेला असायचा, नाहीतर पुढं नळाला पाणी तरी आलेलं असायचं. उगीच पळणाऱ्याला लोकांनी घरी आणून पाणी पाजलं असतं आणि अंगारा लावला असता. शिवाय सिद्रामप्पा दमासाठी पळतात हे चनबसप्पांच्या कानावर गेलं, तर त्यांचा दम गेलाय यावर शिक्काच बसला असता.

आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की सिद्रामप्पा मिलचे टाइमकीपर होते. मिलच्या फाटकाशी त्यांची खिडकी होती. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढं ते तांबड्या पेन्सिलीनं खूण करीत. स्वतः ते आयुष्यात कधी उशिरा निघाले नव्हते की लवकर. बगळ्यासारखी एक एक ढांग टाकत ते रोज त्याच वेळेला गल्लीतून जात. त्यातून दिवाळीपासून मिलचा भोंगा मुका झालेला. त्याचा कसलासा भाग मुंबईहून यायचा होता आणि येत नव्हता. गल्लीत घड्याळं तरी कितीशी. तेव्हा सिद्रामप्पा हाच गल्लीचा भोंगा होता. ते पिंपळाशी दिसले की बायका डबे बांधायला घेत आणि कोपऱ्यावर वळले की पुरुष चपला शोधायला लागत.

“मग असं करा,” वच्छलाबाईंनी विचार करून सांगितलं. “लई लवकर उठून जावा. आणि कोट-टोपी घालून, हातात डबा घेऊन जावा. कुणी बघितलंच तर कामावर चाललेत म्हणतील.”

सिद्रामप्पांना ही युक्ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं नव्हतं तेव्हाच ते बाहेर पडले. धुकं होतं. डिसेंबरातली थंडी कानाला चावत होती. पिंपळाजवळच्या खांबापर्यंत ते चालत गेले, इकडंतिकडं बघितलं, डबा छातीशी धरला आणि पळत सुटले.

मीनाबाई नेमकी दारात सडा टाकत होती. ती मिलच्या रीळ खात्यात होती. तिचा नवरा ज्ञानू साच्यावर होता आणि तांबड्या पेन्सिलीशी त्याची जुनी ओळख होती. धुक्यातून कोट आला, टोपी आली, डबा खडखडत आला आणि पळत पुढं निघून गेला. मीनाबाईच्या हातातली बादली खाली बसली.

“अवो उठा. टाइमकीपर पळतोय.”

“चालत असंल,” ज्ञानू वाकळेतून म्हणाला.

“माझ्या डोळ्यांनी बघितलं की. डबा वाजवत पळतोय. त्योच लेट झालाय म्हंजे आपलं काय?”

ज्ञानूनं एक पाय विजारीत घातला आणि दुसरा रस्त्यावर घातला. जाता जाता त्यानं शेजारच्या दारावर थाप मारली. “टाइमकीपर पळतोय” हे दोन शब्द गल्लीतून असे गेले की भोंगाही कधी इतक्या झटपट पोचला नसेल. कुणाच्या तोंडात राखुंडी होती, कुणाच्या गालावर साबण. बायका पदर खोचत निघाल्या. भाकरी तव्यावरच राहिल्या.

तोवर दुसरा खांब आला होता आणि सिद्रामप्पा चालायला लागले होते.

“थांबा, थांबा,” ज्ञानूनं हात आडवा केला. “चालतोय त्यो. म्हंजे टाइम हाय.”

“मग जाऊया की पुढं,” शिवयोगी म्हणाला. तोही तालमीत झोपलेला उठून आला होता. नुसतं धावत आल्यामुळं त्याचं अंग गरम झालं होतं.

“खुळा हाईस काय? त्याच्या पुढं गेलास तर आत घेणार कोण? आणि लई मागं राहिलास तर लेट. त्याच्या पाठोपाठ आत जायचं. त्याला लेट न्हाई, तर आपल्याला न्हाई.”

हे सगळ्यांना पटलं. तिसऱ्या खांबाशी सिद्रामप्पा पळायला लागले, तशी गल्ली पळायला लागली. चौथ्याला ते चालले, गल्ली चालली.

सिद्रामप्पांना मागं पावलं ऐकू येत होती. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्याच वहाणांचा आवाज धुक्यात घुमतोय. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाजाला खोकलाही येतोय. त्यांनी जरासं तिरकं बघितलं. अर्धी पेठ मागं होती. आपण पळालो की पळते, चाललो की चालते. लोकांना सगळं कळलेलं दिसतंय आणि ते आपली नक्कल करतायत, असं त्यांना वाटलं आणि कानशिलं तापली.

त्यांचा बेत कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी वळून घरी परतायचा होता. पण परतायचं कुठून? मागं रस्ताच शिल्लक नव्हता.

आणि पुढं चनबसप्पांचं घर आलं. म्हातारा कट्ट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. नियमाप्रमाणं हा चालायचा खांब होता. छाती भात्यासारखी हलत होती. सिद्रामप्पांनी खांबाकडं बघितलं, चनबसप्पांकडं बघितलं, तोंड घट्ट मिटलं आणि पळतच राहिले. पुढच्या खांबाशीही पळाले. चनबसप्पांनी मान वळवून त्यांना दूरपर्यंत बघितलं. मग मागून आलेला लोंढा बघितला. त्यात शिवयोगी होता.

मिलचं फाटक बंद होतं. पहारेकरी शेकोटीपाशी बसला होता. त्याला धुक्यातून शेकडो पायांचा आवाज आला, मग थांबल्यासारखा झाला, मग परत आला. तो उठून आत गेला आणि त्यानं बंगल्यावर फोन लावला.

“सायेब, मोर्चा आलाय.”

“कसल्या घोषणा देतायत?” मॅनेजरसाहेबांनी झोपेत विचारलं.

“घोषणा न्हाईत, सायेब. गप हायत. थोडं पळतायत, थोडं चालतायत. समदी एकदम.”

साहेब सोलापुरात नवे होते. घोषणा देणारे मोर्चे त्यांना ठाऊक होते. गप्प येणारा आणि पावलं मोजून पळणारा मोर्चा त्यांनी ऐकला नव्हता. पायजम्यावर मफलर गुंडाळून ते फाटकावर आले, तेव्हा सगळ्यांच्या पुढं टाइमकीपर उभे होते. खुद्द ऑफिसातला माणूस.

“सिद्रामप्पा, तुम्हीसुद्धा?”

सिद्रामप्पांना सगळं सांगायचं होतं, पण बोलायला वारा लागतो आणि तो सगळा चनबसप्पांच्या घरापुढं खर्च झाला होता. ‘जरा थांबा’ म्हणून त्यांनी हात वर केला. हात वर झालेला बघून मागच्या माणसांची कुजबुज बंद झाली. साहेब एक पाऊल मागं सरले.

“मागणी काय आहे तुमची?”

मागणी कुणालाच ठाऊक नव्हती. सगळे सिद्रामप्पांकडं बघायला लागले. सिद्रामप्पा धापा टाकत होते. गर्दीत धर्मपाल होता. तो युनियनचा माणूस. आपण इथं कशाला आलो आहोत हे त्यालाही कळलं नव्हतं, पण साहेबांनी मागणी विचारलेली त्यानं नोकरीत पहिल्यांदाच ऐकली होती. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पुढं आला.

“साहेब, रीळ खात्यात बायांना प्यायच्या पाण्याचा नळ न्हाई. दोन वर्षं झाली सांगतोय. बाया घागरी भरून आणत्यात.”

“आणि हे तुम्हालाही मान्य आहे?” साहेबांनी सिद्रामप्पांना विचारलं.

धापेनं सिद्रामप्पांची मान खालीवर होत होती. ती तशीच होत राहिली.

“बरं, बरं. बसवतो नळ. या आठवड्यात बसवतो. आता शांतपणे आत जा.”

“आत कसं जाणार? उघडायला अजून तासभर हाय की,” पहारेकरी म्हणाला.

तेव्हा कुठं सगळ्यांनी वर फाटकावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग ज्ञानूनं एका पायातली विजार नीट केली आणि विचारलं, “टाइमकीपर, मग पळालास कशाला रं?”

सिद्रामप्पांचा आवाज परत आला होता. पण खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ती बातमी चनबसप्पांच्या कट्ट्यावर पोचणार आणि काठी शिवयोगीच्या पट्ट्यात जाणार. त्यांनी टोपी सरळ केली.

“थंडी वाजत हुती.”

“अगं बया,” मीनाबाई म्हणाली. “यांना थंडी वाजली म्हणून माझी भाकरी जळली.”

तरी नळ मिळाल्यामुळं बायकांनी फार मनावर घेतलं नाही. पहारेकऱ्याच्या शेकोटीभोवती सगळे बसले. कुणीतरी चहा आणला. त्या दिवशी सिद्रामप्पांच्या खिडकीतली तांबडी पेन्सिल पहिल्यांदाच बेकार राहिली. दुपारी साहेबांना ते कळलं. त्यांनी सिद्रामप्पांना बोलावून सांगितलं, “भोंगा सुरू होईपर्यंत तुम्ही असंच पळत येत जा. फक्त वेळेवर.”

संध्याकाळी चनबसप्पा घरी आले. वच्छलाबाईंनी पाट मांडला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला, फुंकला, संपवला.

“सकाळी बघितलं मी,” ते म्हणाले.

सिद्रामप्पांनी मान खाली घातली.

“पन्नाशीचा माणूस पुढं पळतोय. तोंड मिटून, छाती काढून. आणि आमचा शिवयोगी मागं. मी म्हटलं आता जाईल पुढं, मग जाईल. न्हाईच गेला. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणतो पुढं गेलो असतो तर लेट लागला असता. पुढं गेल्यावर लेट कसा लागंल? पळायचं न्हाई तर सबबी तरी बऱ्या सांगाव्या.” त्यांनी बशी खाली ठेवली. “काठी औंदा तूच धर.”

म्हातारा गेल्यावर वच्छलाबाई बाहेर आल्या. “आता तरी पळणं बंद करताय न्हवं?”

“आता तर पळायलाच पाहिजे,” सिद्रामप्पा म्हणाले. “त्यांना वाटतंय दम हाय म्हणून.”

मग रोज सकाळी एक खांब पळत, एक खांब चालत ते मिलला जायला लागले आणि त्यांच्या मागोमाग गल्ली. पुढं मुंबईहून तो भाग आला, भोंगा बोलायला लागला. पण लोकांचा भोंग्यावर काही विश्वास बसेना. तो वाजला तरी ते दारातून डोकावून बघत, टाइमकीपर पळतोय की चालतोय. संक्रांत आली तेव्हा बाराबंदीचे बंद एकमेकांना भेटले. गाठ मारून वर चार बोटं उरलेही.

यात्रेला मिलला सुट्टी होती. पांढऱ्याशुभ्र बाराबंद्यांनी रस्ता भरून गेला होता. सिद्रामप्पांनी काठी पट्ट्यात घेतली आणि बगळ्यासारख्या ढांगा टाकत निघाले. वेस आली आणि गेली. धाप लागली नाही. चनबसप्पांनी बाजूनं चालता चालता शिवयोगीला कोपरखळी मारली. इतक्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि काठीचं टोक पुढं झुकलं. काठी झुकली की तिच्या खाली जावं लागतं. सिद्रामप्पा झपाझप पळाले, काठीला गाठलं, तिला सरळ उभी केली आणि परत शांतपणे चालायला लागले. श्वाससुद्धा चढला नाही. लोकांनी ‘हर्र बोला हर्र’चा गजर केला.

ज्ञानू रस्त्याच्या कडेला शेंगा खात उभा होता. टाइमकीपर पळताना त्याला दिसला. पुढचं काही त्याच्या डोक्यानं केलं नाही, पायांनी केलं आणि ते थेट मिलच्या रस्त्याला लागले. त्याच्या मागं मीनाबाई निघाली, तिच्या मागं साचेवाले निघाले. रीळ खात्यातल्या बाया हातातला तिळगूळ सांभाळत पळाल्या. काय झालंय हे बघायला शिवयोगीही पळाला आणि या खेपेला सगळ्यांच्या पुढं गेला. पण ते बघायला चनबसप्पा तिथं नव्हते.

मिलच्या फाटकाला कुलूप होतं. पहारेकऱ्यानं त्यांना लांबूनच ओळखलं आणि फोन उचलला.

“सायेब, परत आल्यात.”

“आज? सणाच्या दिवशी?” साहेबांच्या हातातली गुळपोळी हातातच राहिली. “मागणी काय आहे विचार.”

पहारेकऱ्यानं फाटकातून डोकं बाहेर काढून विचारलं. सुट्टी आहे हे तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि जो तो दुसऱ्याकडं बघत होता. ज्ञानू तर मुठीतल्या शेंगा मोजत असल्यासारखा खाली बघत होता. सगळे परत फिरणार, एवढ्यात मागून कुणीतरी “जरा सरका” म्हणालं. धर्मपाल गर्दीतून वाट काढत पुढं येत होता, आणि येता येता त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

“आलोच हाय,” तो म्हणाला, “तर खात्यातल्या खिडक्यांच्या फुटक्या काचांचं सांगून टाकू.”