पाठ टेकली की नाही

शेजारी पेटला की धूर आपल्याकडे येतो, हे मोठमोठी राष्ट्रं परिषदा भरवून शिकतात. भालुणीचे पोलीस पाटील रंगनाथ हे एका मंगळवारी शिकले. त्या दिवशी त्यांची बहीण विमलबाई पिशवी आणि दोन शेळ्या घेऊन सासरहून ओढा ओलांडून आली.

ओढ्यापलीकडच्या खडकेवाडीत यादवी माजली होती. जत्रेतली शेवटची कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली. पण मच्छिंद्रने अंगदची पाठ टेकवली होती, असं अर्ध्या गावाचं मत पडलं. उरलेल्या अर्ध्याचं पडलं, नव्हती टेकवली. मग दोन गट, दोन पार आणि (मारुती एकच असल्याने) आरतीच्या दोन वेळा.

हा खडकेवाडीचा अंतर्गत प्रश्न आहे, असं रंगनाथांनी तहसीलला कळवलं. आठवड्यात आणखी सहा लेकी माहेरी आल्या. नवरा एका गटात, दीर दुसऱ्यात. भाकरी कोणाला आधी वाढायची? सोबत नातवंडं सोळा (शेळ्यांची गणना चालू आहे).

जेवताना विमलबाई म्हणाली, "दादा, मी म्होरंच बसले हुते. न्हाई टेकली."

रंगनाथांच्या पत्नी छबूबाईंचा भाऊ खडकेवाडीतच, दुसऱ्या गटात. भाकरी थापता थापता त्या शांतपणे म्हणाल्या, "टेकली."

त्या दिवसापासून घरात दोन चुली. रंगनाथ दोन्हीकडे जेवू लागले; तटस्थतेपायी वजन चार किलोंनी वाढलं. पंधरवड्यात भालुणीही दुभंगली, आणि तिथल्या सुना आपापल्या माहेरच्या गावांना निघाल्या.

मेटाकुटीला येऊन रंगनाथांनी पैलवानांनाच विचारायचं ठरवलं आणि त्यांच्या तिसगावचा बाजार गाठला. दोन्ही पैलवान एकाच बाकावर मिसळ खात होते. भांडणाची त्यांना खबरच नव्हती.

"खरं सांगू पाटील?" अंगद म्हणाला. "मला आठवतच न्हाई."

मच्छिंद्रने पाव बुडवत मान डोलावली. त्यालाही आठवत नव्हतं.

हे सत्य रंगनाथांनी दोन्ही गावांच्या सभेत मांडलं. मग दोन्ही गटांनी, महिन्यात प्रथमच, एकमताने ठरवलं की पाटील फितूर आहे. लेकी नांदायला गेल्या, चुली एक झाल्या. रंगनाथांनी अहवाल धाडला : परिसरात शांतता आहे, पोलीस पाटलाशी कोणी बोलत नाही.

वाचक लांबचे, सुज्ञ, पूर्ण तटस्थ. तरी पाठ टेकली की नाही, हे आपलं एव्हाना ठरलं असेलच. घरात बोलू नका.