मीठ कुणी टाकलं?

मावळातला कुठलाही मासा आपण नुसत्या शेपटीवरून ओळखतो, अशी अंबाजी माळ्याची बढाई होती. अख्ख्या लोणावळ्यात कुणी ती कधी पारखून पाहिली नव्हती, म्हणून ती टिकली होती!

छत्तीस साली, तो ज्या बंगल्याची बाग राखायचा तिथे मकसूदभाई राहायला आले. सारा जन्म आगबोटीवर गेलेला. आता छाती बिघडली, म्हणून डॉक्टरांनी समुद्र सोडायला लावून डोंगरावर धाडलेलं. सोबत काचेच्या हंडीत एक मासा. हळदीसारखा पिवळा, डोळ्यावर काळा पट्टा! भाई दिवसभर त्याच्यासमोर बसून राहत. दुसरं कुणी त्यांना उरलंच नव्हतं.

"वळखला!" अंबाजी म्हणाला. "आपल्या पवनेतलाच हाय. खडकात ऱ्हातो."

"खडकात राहतो हे खरं," भाई खिन्न हसले. "पण पोवळ्याच्या. पार लखदीव बेटांपाशी."

"खडक त्यो खडक, भाई! मावळात काय खडकांचा तोटा हाय व्हय?"

भाई दोन दिवस पुण्याला डॉक्टरांकडे गेले. जाताना एवढंच म्हणाले, "अंबाजी, याला जीवापाड जप."

जपायचं म्हणून अंबाजीने हंडीतलं पाणी चाखलं आणि थू थू करत सुटला.

"शालूबाई! ह्यात मीठ कुणी टाकलं?"

स्वयंपाकीण शालूबाई उसळलीच. "माज्या आमटीत कदी मीठ जास्त झालंय का? मग माशाला कशाला घालू?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी अंबाजीने ते पाणी अळूच्या वाफ्यात ओतलं आणि हंडी विहिरीच्या गोड पाण्याने काठोकाठ भरली. मासा गरागरा फिरू लागला.

"बघ, कसा नाचतुया!"

तासाभरात तो आडवा झाला.

"दिष्ट लागली," शालूबाई हळहळली. भांडण विसरून तिने मीठ-मिरच्या आणल्या, हंडीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका दोघांना लागला. मासा हलला नाही. सकाळी अळूनेही माना टाकल्या!

भाई परतले. अंबाजीने मुंडासं काढून सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रिकाम्या हंडीवर हात ठेवून ते बराच वेळ खोकत राहिले.

"तुझी काय चूक? त्याचं घर खारट पाण्यात. तू मायेनं गोडं पाणी दिलंस. मलाही डॉक्टरांनी तेच दिलंय."

अंबाजीने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भाईंच्या चहात मूठभर मीठ घातलं.

भाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, अंबाजीकडे पाहिलं आणि कप रिकामा केला.

"उद्या जरा कमी घाल," ते म्हणाले.