टिकलीची आडवी काच

टिकलीनं ठरवलं म्हणजे ठरवलं. साहेबांच्या ऑफिसच्या दारात काच बसणार ती आडवीच.

साहेबांच्या नव्या इमारतीची आठ दारं टिकलीच्या बाबांच्या कारखान्यात बनत होती. आतून येणारा आणि बाहेरून येणारा एकमेकांवर आपटू नयेत, म्हणून प्रत्येक दारात काच हवी होती.

"पहिलं दार तू ठरव," बाबा म्हणाले. "साहेबांना पटलं तर उरलेली सातही तुझी. नाहीतर दादाची."

दादाचा जीव काचेच्या उभ्या पट्टीवर. "बुटका असो, लंबू असो, सगळ्यांना दिसतं."

"उभी पट्टी म्हणजे दाराला गेलेला तडा. माणसाचे डोळे आडवे असतात, दादा. तुझे नसतील."

मग ती चिमुरडी दारासमोर ताठ उभी राहिली आणि स्वतःच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत चौकट आखून मोकळी झाली. रंग द्यायला दार वीतभर उंचीच्या दोन ठोकळ्यांवर ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या वेळी पायाखाली कोण बघतं?

दार ऑफिसात बसलं, ठोकळे कारखान्यातच राहिले. साहेब काचेसमोर उभे राहिले, तर पलीकडून नुसतं एक पोट चालत आलं आणि निघून गेलं.

"हे कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"शर्टावरून तुमचे मॅनेजर वाटले," बाबा पुटपुटले.

दादा टिकलीच्या कानाशी लागला. "गेली तुझी सात दारं."

टिकलीनं मान ताठ केली. "साहेब, चेहरे हसून फसवतात. पोट कधी खोटं बोलत नाही. कोण उपाशी, कोण नुकता जेवलाय, इथूनच कळेल."

"आणि मला चेहराच बघायचा असेल तर?"

"वाका की थोडं. वाकल्यानं मोठा माणूस काही लहान होत नाही."

बाबांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र खरंच वाकले, आणि नेमकं तेव्हाच मॅनेजरांनी बाहेरून दार ढकललं. साहेब गालिच्यावर बसले.



"उरलेली सात दारंही हीच ठरवेल," साहेब कपाळ चोळत म्हणाले. "चूक करून इतकं ठासून बोलणारं माझ्याकडे कुणी नाही. फक्त एक अट. त्यांत काच नको."

"चालेल," टिकली म्हणाली. "पण हँडल कुठं बसवायचं ते मी सांगेन."

दादाकडे एक विजयी नजर टाकून ती ऐटीत बाहेर निघाली. दार जोरात ढकललं. हललं नाही. खांदा लावून पुन्हा ढकललं.

"ओढ, बाळ," साहेब खालूनच म्हणाले.