तोडणकरकाकांची तिरकी मशीन

आमच्या मजल्यावर कुणाचा मिक्सर जळला की दारात सगळ्यात आधी तोडणकरकाका हजर. सांत्वनाला नव्हे, अवयव मागायला. "मेला म्हणू नका, त्याची बदली झालीय," असं म्हणत ते स्क्रूड्रायव्हर काढतात आणि आपण चहा विचारेपर्यंत मिक्सरचं पोट मोकळं झालेलं असतं. घरातलं घड्याळ बंद पडलं की माझी बायको आधी दार लावून घेते.

काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला आणि राहतात ते लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, गेल्या. त्यानंतर एकदा काका गोंद आणायला म्हणून दादरच्या एका दुकानात शिरले. तिथे रविवारी चांगली मोठी माणसं टेबलावर इवलेसे सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळतात. त्यांत दोन पायांवर चालणारी युद्धयंत्रंही असतात. ती सुट्ट्या भागांत डब्यातून मिळतात, जोडायची आपण.

"डब्यातलं काय, कोण पण जोडील," काका म्हणाले. "मी भंगारातून करतो."

आणि खरंच एक मशीन केली. धड थ्री-पिन प्लगचं, डोकं कुकरच्या शिट्टीचं, गुडघ्यांत घड्याळाची चक्रं, हातांत रिकाम्या रिफिलींच्या तोफा. वीतभर उंच. आमच्या रिमोटच्या दोन स्प्रिंगा तिच्या कमरेत आहेत आणि आम्ही अजून उठून चॅनल बदलतो.

फक्त डावा पाय आखूड झाला होता. मशीन त्या बाजूला झुकायची.

"काका, हा पाय जरा..."

"गप रव. माका शिकवू नको."

दुकानात हाताने बनवलेल्या मॉडेलांची स्पर्धा लागली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. परीक्षक एक चष्मेवाला इंजिनियर होता. त्याने मशीन चारी बाजूंनी पाहिली. "अंकल, काम एक नंबर आहे. पण मॉडेल सरळ उभं राहायला पाहिजे, असा नियम आहे. पाय नीट करा, पहिला नंबर तुमचाच. नाहीतर बाद करावं लागेल."

"ही अशीच चालते."

"पण अंकल, चूक आहे ती."

"चूक तुमच्या नियमात असेल."

काका पाणी प्यायला गेले आणि मी शहाणपणा केला. आमच्या चाळीतल्या जमिनी उतरत्या, त्यामुळे प्रत्येक कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असतेच. सवयीने खिशातलं औषधाचं खोकं फाडलं, तुकडा दुमडला आणि डाव्या पायाखाली सारला. मशीन ताठ उभी राहिली. परीक्षक हसून काहीतरी लिहायला लागला.

काका परत आले. त्यांनी पाहिलं, पुठ्ठा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

"लिहा तिथे, बाद," ते परीक्षकाला म्हणाले आणि मशीन छातीशी धरून बाहेर पडले.

मी मागून धावलो. खरं तर भडकलोच होतो. "पहिला नंबर होता, काका! एका पायासाठी सोडलात?"

ते दुकानाच्या पायरीवर बसले. मशीन मांडीवर घेतली.

"तुझ्या काकूचा डावा पाय लहानपणीच्या तापात आखूड राहिला. अख्ख्या मुंबईला मी लिफ्टने वर पाठवलं. ती रोज तीन मजले चढायची, दोन्ही हातांत पिशव्या. हात पुढे केला तर म्हणायची, बाजूक सर. मग मी मागून चढायचो. पस्तीस वर्षं ही चाल बघितली मी. नंबरासाठी हिचा पाय सरळ करू?"

मला रडूच आलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला मशीनमधला तो पाय ओळखता आला नव्हता, आणि मी त्याखाली पुठ्ठा सारला होता.

काकांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"पुढच्या वर्षी परत आणणार," ते म्हणाले. "अशीच. किती वेळा बाद करतात ते बघू."