बारा इंच दोन सूत

मंगळवारी दुपारी निरीक्षकांनी बायकोची सायकल अंगणात उलटी उभी केली, चष्मा पुसला आणि तिच्या साखळीवर पोलादी पट्टी धरली.

वजनमापांच्या खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सात महिने झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले, वजनं तपासली, कापड मोजायचे गज तपासले. निवृत्तीनंतर घरात तपासण्यासारखं जे जे होतं ते तपासून संपलं. दुधाचं भांडं झालं, बादली झाली, भिंतीवरचं घड्याळ झालं. उरली होती सायकल.

सायकल डोंगरी होती, जाड टायरांची. मुलाने कॉलेजात असताना घेतली आणि नोकरीला लांब जाताना आईच्या हवाली केली, त्याला चौदा वर्षं झाली. मागच्या चाकाला लहानमोठी सात दातेरी चक्रं होती, पण गिअरचा खटका अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या चक्रावर गंजून बसला तो बसलाच. त्या एका चक्रावर बाईंनी अकरा वर्षं टेकडी चढली. दवाखान्यात त्या परिचारिका होत्या, टेकडीवरच्या अकरा घरांत जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची.

"अगं, जरा इकडे ये."

सिस्टर ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या.

"हे बघ. चोवीस कड्या. बारा इंच भरायला हव्यात. किती भरतायत?"

"तुम्हीच सांगा."

"बारा इंच दोन सूत."

इंचाचे आठ भाग केले की एकेक भाग एका सुताचा. एवढ्याशा अंतराने जगाचं काही अडत नाही, पण निरीक्षकांचं अडायचं. बाहेरच्या खोलीतल्या कपाटाला तीन वर्षं दार नव्हतं, त्याचं कारणही एक सूतच. निरीक्षकांनी मोजून दिलेल्या मापाने सुताराने दार करून आणलं, ते चौकटीत बसेना, एक सूत मोठं भरलं. "रंधा मारतो, बसेल," सुतार म्हणाला. "आधी माप चुकलं म्हण, मग मार," निरीक्षक म्हणाले. "माझं माप चुकलेलं नाही. तुमची पट्टी बघा एकदा," एवढं बोलून सुतार गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून दार भिंतीला टेकून उभं होतं, कपाटाला पडदा होता, आणि समोरून सुतार आला की निरीक्षकांना पलीकडच्या दुकानात काहीतरी बघायचं असायचं.

"मग? दोन सूत तर दोन सूत," सिस्टर म्हणाल्या. "चालतेय की चांगली."

"चालायला काय, खोटा तराजूही चालतो."

सिस्टर गप्प राहिल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात गप्प राहायच्या जागा त्यांना पाठ झाल्या होत्या.

निरीक्षकांनी सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून नवी साखळी आणली आणि स्वतःच्या हाताने चढवली. हात कोपरापर्यंत काळे झाले, पण मन धुतल्यासारखं स्वच्छ झालं. आता जुनीचा प्रश्न. खात्याचा नियम असा, की जे माप नापास झालं ते मालकाला परत द्यायचं नाही. त्याच्यासमोर मोडायचं, म्हणजे ते मागच्या दाराने पुन्हा बाजारात येत नाही. निरीक्षकांनी जुनी साखळी धुण्याच्या दगडावर आडवी घातली, छिन्नी लावली आणि हातोडीचे घाव घालून तिचे सात तुकडे केले. ते बिस्किटांच्या डब्यात भरले, वर कागद चिकटवला. 'अपात्र. नष्ट केले.' खाली तारीख, सही. सात महिन्यांनी सही करायला मिळाली होती. त्यांना शांत झोप लागली.

बुधवारी सकाळी सिस्टर निघाल्या. सपाटीवर सायकल पाण्यासारखी गेली. चढ लागला, त्यांनी पायावर जोर दिला, आणि साखळी दात्यांवरून खाटकन सरकली. पाय मोकळ्या हवेत पडावा तसा खाली गेला. पुन्हा जोर, पुन्हा खाट. चार वेळा करून पाहिलं, मग त्या उतरल्या आणि सायकलीचा हात धरून, आजाऱ्याला चालवत न्यावं तशी तिला वर नेली.

शेवटच्या घरी चित्रकलेचे म्हातारे गुरुजी पाय स्टुलावर ठेवून वाट बघत होते. पायाची जखम रोज साडेआठच्या आत धुवायची, असं ठरलेलं. साडेनऊ वाजले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलायला मऊ होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"सिस्टर, तुमचं वय झालं असं मी म्हणणार नाही. पण नवीन मुलीकडे स्कूटर आहे. टेकडी तिला देऊ, तुम्ही नोंदणीच्या टेबलावर बसा. सावलीत."

"एक दिवस उशीर झाला फक्त."

"शनिवारपर्यंत बघू."

घरी येऊन सिस्टरनी हे सगळं सांगितलं, तेही चहा गाळता गाळता. टेकडीवरची अकरा घरं म्हणजे अकरा उंबरे, अकरा तऱ्हेचे खोकले, दारातून कळणारं प्रत्येकाचं दुखणं. आणि टेबल म्हणजे टेबल. त्या रडल्या नाहीत. चहात साखर मात्र दोनदा पडली, आणि निरीक्षकांनी तो न बोलता संपवला.

निरीक्षक सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेले. त्याने चाक फिरवून पाहिलं, दात्यांवरून बोट फिरवलं.

"साखळी नवी कशाला घातली, साहेब?"

"जुनी दोन सूत वाढली होती."

"वाढणारच. पण ती वाढत गेली तसे हे दातेही झिजत गेले. तिच्या मापाचे झाले. दोघांचं जमलं होतं. आता या नव्या साखळीला ते दाते ओळखत नाहीत."

"म्हणजे चूक दात्यांची."

"चूक कुणाचीच नाही. पण झिजलंय ते तिसरं चक्र. बाकीची सहा कोरी आहेत. गिअर बदलून चालवा."

हे निरीक्षकांना पटलं. त्यांनी संध्याकाळभर खटक्यात तेल सोडलं, त्याला पकडीने धरलं, समजावल्यासारखं हलवलं. अकरा वर्षांचा गंज शेवटी सुटला आणि साखळी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेली.

"बघ," ते म्हणाले.

"बघतेय," सिस्टर म्हणाल्या. "गिअरची तार कुरकुरतेय मात्र."

"नवीन हालचाल आहे. सवय होईल तिला."

तारेला सवय झाली नाही. गुरुवारी अर्ध्या चढावर ती तुटली, आणि तार तुटली की साखळीला धरणारं कुणी राहत नाही. ती घसरत घसरत सगळ्यात लहान चक्रावर जाऊन बसली. त्या चक्रावर सायकल उताराला वाऱ्यासारखी धावते, आणि चढाला विहिरीवरच्या दगडासारखी जड होते. सिस्टर पुन्हा चालत गेल्या. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि सिस्टरना ते जास्त लागलं.

शुक्रवारी सिस्टर पायीच टेकडीकडे निघाल्या, आणि निरीक्षक सायकल घेऊन दुकान उघडायच्या आधीच मिस्त्रीच्या दारात उभे होते.

"मागची चक्रंच बदलून टाक. सगळी."

मिस्त्रीने चाक पकडीत आवळलं, हत्यार बसवलं, पान्याला लोखंडी नळी जोडली आणि लोंबकळला. काही हललं नाही. निरीक्षकही लोंबकळले. दोन वयस्क माणसं एका नळीला धरून, डोळे मिटून, बराच वेळ तशीच होती.

"चौदा वर्षांची बैठक आहे, साहेब. उठत नाही ती."

"आणि उठली तर?"

"तर या मापाची चक्रं आता कुणी ठेवत नाही. मागवावी लागतील. दहा दिवस."

"उद्या शनिवार आहे."

"मग त्यात काय अवघड आहे? जुनी साखळी आणा. तिसऱ्या चक्रावर चढवतो, गिअर तारेने तिथेच बांधून टाकतो. अर्ध्या तासाचं काम."

निरीक्षक नळीवरचा गंज नखाने खरवडू लागले.

"फेकली नाही ना?"

"नाही."

"मग आणा की."

"ती नष्ट केलीय."

"म्हणजे हो काय?"

"नियमाप्रमाणे," निरीक्षक म्हणाले आणि डबा आणायला घरी गेले.

मिस्त्रीने डब्यावरचा कागद वाचला. झाकण उघडून सात तुकडे एकेक करून फडक्यावर ओळीने मांडले.

"सही कुणाची?"

"माझी."

"वळणदार आहे," मिस्त्री म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. माणूस भला होता.

जिथे छिन्नी बसली होती तिथे सहा जागी एकेक कडी चेचली गेली होती. त्या जागी नव्या साखळीतल्या कड्या काढून घालाव्या लागणार होत्या. दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून मिस्त्रीने खिळी दाबायचं हत्यार निरीक्षकांच्याच हातात दिलं आणि एक सांधा करून दाखवला. उरलेले ते स्टुलावर बसून करत राहिले. खिळी सरळ जात नव्हती, बोटं सोलली. एकतीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी मापं मोडली होती. मोडायला एक घाव पुरतो. जोडायला किती लागतं याचा हिशोब खात्यात कुठेच नव्हता. मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरून रस्त्यावर आलं होतं.

शनिवारी सिस्टर निघाल्या. निरीक्षक फाटकाशी उभे राहून ऐकत होते. सहा नव्या कड्या जुन्या दात्यांवरून जाताना टक, टक करत होत्या. साखळीच्या प्रत्येक फेऱ्यात सहा वेळा. आवाज बाजार ओलांडून गेला, चढाला लागला, आणि थांबला नाही. वळणावर तो लहान झाला, मग पाखराच्या चोचीएवढा झाला, मग ऐकू येईनासा झाला. निरीक्षकांनी फाटकाची कडी लावली.

आत आले तर टेबलावर नव्या साखळीचा उरलेला तुकडा पडला होता. पट्टी शेजारीच होती. हात आपोआप गेला. चोवीस कड्या.

बारा इंच एक सूत.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून मोजलं. मग कोट घातला, तुकडा आणि पट्टी घेतली आणि निवृत्त होण्यापूर्वी ज्या चालीने चालत त्या चालीने मिस्त्रीच्या दुकानात शिरले.

"ही साखळी तू नवी म्हणून दिलीस?"

"पाकीट तुम्हीच फोडलंत."

"ही एक सूत जास्त भरते."

मिस्त्रीने हात पुसले. आपली पट्टी काढून तुकड्यावर ठेवली. बारा इंच, तंतोतंत. मग त्याने दोन्ही पट्ट्या एकमेकींना लावून उजेडात धरल्या. बारा, अकरा, दहा, सगळे आकडे जुळले. शून्याच्या टोकाला मात्र निरीक्षकांची पट्टी आखूड होती.

किती, ते मिस्त्रीने सांगितलं नाही. निरीक्षकांनी विचारलंही नाही.

सिस्टर परतल्या तेव्हा त्यांचा आवाज आधी आला, मग त्या आल्या.

"आठ वीसला गुरुजींच्या दारात होते. आता घंटीची गरज नाही म्हणतात. वळणावर टकटक ऐकू आली तेव्हाच त्यांनी पाय स्टुलावर ठेवला. आणि डॉक्टरीणबाईंनी टेबलाचा विषय काढला नाही." त्या थांबल्या. "काय झालं? चेहरा असा का?"

"ही पट्टी झिजलीय. या टोकाला."

"अहो, झिजणारच ती."

"का?"

"करपलेल्या भांड्याचा तळ तिनेच तर खरवडते मी. कितीतरी वर्षं. त्याच्यासारखं दुसरं काही नाही."

"भांडं खरवडून पोलाद झिजत नाही."

"खरवडून नाही हो. धार गेली की सुरीवाल्याकडे देते. सुऱ्यांबरोबर तो तीही घासून देतो. वर्षातून दोनदा."

निरीक्षक खुर्चीत बसले. घरातल्या फळ्या, पडद्यांचे दांडे, पलंगाच्या पाट्या सगळं त्यांनी याच पट्टीने मोजून कापलं होतं. सगळंच थोडं आखूड, सगळंच सारखं आखूड, म्हणून कशाचंच कशाशी बिनसलं नव्हतं. घरात न बसणारी वस्तू एकच होती, आणि तिचं माप बरोबर होतं. ती भिंतीला टेकून उभी होती.

ते उठले. हातोडी काढली, पट्टी धुण्याच्या दगडावर ठेवली. नापास माप मालकासमोर मोडायचं. मालकही तेच, निरीक्षकही तेच. हात वर गेला.

"थांबा," सिस्टर दारातून म्हणाल्या. "मोडा हवं तर. पण आधी सुताराला दाखवून या. नाहीतर त्याला पटणार कसं?"

हातोडी खाली आली, पण दगडावर नाही. ती त्यांनी खुंटीला अडकवली.

सिस्टरनी सायकल त्यांच्या हातात दिली. सुताराच्या दुकानापर्यंत सगळा रस्ता चढाचाच होता, आणि त्या रस्त्यावर निरीक्षक येत असल्याचं सहा कड्या सगळ्यांना सांगत होत्या. दुपारच्या वेळी वाटेत पलीकडे बघायला एकही दुकान उघडं नव्हतं. सुतार लाकडावर वाकलेला होता. त्याने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा वाकला.

निरीक्षकांनी पट्टी त्याच्यापुढे धरली, शून्याचं टोक त्याच्याकडे करून.

सुताराने आपली पट्टी तिला लावली. मग त्या झिजलेल्या टोकावरून अंगठा हळूच आडवा फिरवला.

"धार छान आहे," तो म्हणाला आणि रंधा शोधायला लागला.