दिवाळी किल्ला स्पर्धेत मेंढ्याची परिणामकारकता

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या दिवाळी किल्ला स्पर्धेचा निकाल लागल्यावर दोन पालकांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. मुलं शांत होती. ती पाणीपुरीच्या रांगेत होती. या घटनेची गंभीर दखल घेऊन कार्यकारिणीने ठरवलं की यापुढे परीक्षकांचं मत विचारात घेतलं जाणार नाही. मत पक्षपाती असतं. यंदाचा निकाल विज्ञान लावेल.

मस्कतमध्ये मराठी बोलणारं विज्ञान कुठे मिळेल, अशी चौकशी झाली आणि माझं नाव निघालं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे आणि इथल्या एका प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडते.

"उजमा, तू रोज फोडतेसच," मंडळाच्या सचिव श्यामलाताई म्हणाल्या. "आमचेही फोड. जो फुटणार नाही तो पहिला. त्यात भांडायला जागाच नाही."

किल्ले फोडायचे तर पद्धत ऐतिहासिक हवी, असा आग्रह पडला. म्हणून मेंढा ठरला. मेंढा म्हणजे पूर्वीचे सैनिक तटावर आदळायचे तो साखळ्यांना टांगलेला, टोकाला लोखंड बसवलेला ओंडका. मी कार्यकारिणीला प्रामाणिकपणे सांगितलं की जाड दगडी तटापुढे मेंढ्याचं फारसं चालत नसे. त्याचा खरा उपयोग दरवाज्यावर. भिंत पाडायची तर एकाच जागी ठोसे मारत राहायचं, सांधे सैल होईपर्यंत. त्याला कित्येक दिवस लागत.

"आपल्याकडे सात ते साडेसात आहेत," श्यामलाताई म्हणाल्या. "साडेसातला फराळ."

स्पर्धेचे नियम तीन होते. किल्ला दगडी असावा. मुलांनी स्वतः बांधावा. पहिला येणारा किल्ला मस्कतच्या मत्रह भागातल्या, मंडळाच्या भाड्याच्या व्हिलाच्या अंगणात तुळशीच्या लग्नापर्यंत राहील, बाकीचे भाऊबीजेला काढले जातील.

तिसऱ्या नियमाकडे फक्त एका स्पर्धकाचं लक्ष होतं. रेवा दहा वर्षांची. तिचे वडील दयानंद दूर दुक्मला रिफायनरीच्या कामावर वेल्डर आहेत आणि यंदा त्यांना भाऊबीजेनंतरची रजा मंजूर झाली होती.

"ताई, माझा किल्ला स्टे करेल ना?" तिने मला विचारलं. "बाबांनी अजून कधी बघितला नाय. नेहमी फक्त व्हिडिओ कॉलवर बघतात."

मी म्हटलं, विज्ञान ठरवेल. तेव्हा मला ते आश्वासन वाटलं होतं.

मेंढा येणार ही बातमी फुटली आणि पालक कामाला लागले. आमच्या मंडळातले निम्मे पालक बांधकामात आहेत. आतापर्यंत ही केवळ उपजीविका होती. प्रकल्प व्यवस्थापक कौशिकराव यांनी नवरात्रातच काँक्रीट ओतलं, कारण त्याला पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. ज्यांनी उशिरा ओतलं त्यांनी दिवाळी पुढे ढकलावी असा लेखी अर्ज केला. तो बहुमताने फेटाळला गेला. बहुमताने वेळेत ओतलं होतं. नियम पाळण्यासाठी सगळ्यांनी बाहेरून दगडी टाइल लावून घेतली.

"हा किल्ला मुलाने स्वतः बांधलाय?" मी कौशिकरावांना विचारलं.

"शंभर टक्के."

"म्हणजे नेमकं काय केलं त्याने?"

"सुपरव्हिजन," कौशिकराव म्हणाले. "तुला काय वाटतं, मी तरी वेगळं काय करतो?"

असे सात किल्ले झाले. आठवा रेवाचा. मस्कतजवळच्या बरक्याच्या शेतातली माती, तटाला वाडीतून, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रातून, वेचलेले दगड, बुरुजांवर शिंपले, उतारावर उगवलेली मोहरी. तिच्या आईने मदत म्हणून फक्त माती भिजवायला बादली दिली होती.

मेंढा मुस्तफाचाचांनी केला. ते मूळचे दापोलीकडचे, बरक्यात त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. खजुराचा ओंडका, लोखंडी तोंड, वर साखळ्या. "बेटा, शिंगं लावू काय?" त्यांनी फोनवर विचारलं. "शिंगांचा एक्स्ट्रा नाय घेत."

चाचणीच्या संध्याकाळी सुरक्षा उपसमितीने मेंढा तपासला आणि तो आदळल्यास आघात होऊ शकतो, असं तिच्या लक्षात आलं. त्यावर उपाय म्हणून मेंढ्याच्या तोंडाला जाड रबर बांधण्यात आलं. मुलांना हेल्मेट दिली. हेल्मेट मोठ्यांच्या मापाची असल्याने त्यांना काही दिसत नव्हतं, हा अतिरिक्त सुरक्षेचा भाग मानला गेला.

पहिला ठोसा बसला. आवाज उशी पडल्यासारखा आला. सातही काँक्रीटच्या किल्ल्यांवर तोच आवाज, तोच परिणाम. सातही पहिले आले. सात पालकांपैकी एकही संयुक्त पहिला व्हायला तयार नव्हता.

"हा कसला मेंढा?" कौशिकराव म्हणाले. "ह्याने आमच्या काँक्रीटचा अपमान होतोय."

रबर काढलं. काही झालं नाही. ओंडका काढून मुस्तफाचाचांनी वाळू भरलेला लोखंडी पाइप टांगला. काही झालं नाही. पालकांनी स्वतः ओढायला सुरुवात केली, हेल्मेट न घालता, कारण ती मुलांना दिली होती. "यल्ला, एक, दोन, तीन!" पाइप कौशिकरावांच्या किल्ल्यावर आदळला आणि किल्ला फुटला नाही, निघाला. अंगणातल्या टाइलवर डाग पडू नयेत म्हणून तो प्लास्टिकवर ओतला होता. तो तसाच अखंड, संथपणे सरकत गेला आणि व्हिलाच्या कंपाउंडची भिंत पाडून थांबला.

मग कौशिकराव म्हणाले, "बघितलंत? प्रतिहल्ला!"

पहिला नंबर त्यांना मिळाला. बाकीच्या सहांना हरकत घेता आली नाही. त्यांच्या किल्ल्यांनी काहीच पाडलं नव्हतं.

आता राहिला आठवा. पाइप रेवाच्या तटावर आदळला, दोन दगड बाजूला झाले आणि पाइप आतल्या ओल्या मातीत हातभर घुसून तिथेच रुतला. किल्ला उभा. मुस्तफाचाचांनी ओढून पाहिलं, निघेना. मला फार आनंद झाला. माती धक्का पिऊन टाकते, याहून चांगलं प्रात्यक्षिक मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

"हा टिकला," मी म्हटलं. "खरं तर मेंढा हरला."

"मेंढा अडकला," श्यामलाताईंनी दुरुस्ती केली. "म्हणजे चाचणी पूर्ण झाली नाही. अपूर्ण चाचणीला नंबर कसा देणार? तूच सांग, तू विज्ञानाची." साडेसात वाजून गेले होते. फराळाची ताटं येत होती. मी चकली घेतली.

दुसऱ्या दिवशी व्हिलाचे मालक आले. सगळे त्यांना अर्बाब म्हणतात. त्यांनी पडलेली भिंत पाहिली, किल्ले पाहिले, मग समोरच्या डोंगरावरच्या खऱ्या किल्ल्याकडे बोट दाखवून विचारलं, "तो कमी पडला का?" भिंत मंडळाने बांधून द्यायची आणि यापुढे या अंगणात कुठलीही ठोकाठोक करायची नाही, असं त्यांनी बजावलं. "खलास?"

"खलास, अर्बाब," आम्ही सगळे म्हणालो.

भाऊबीजेला कार्यकारिणी किल्ले काढायला जमली. सहा किल्ले काढायला ब्रेकर मशीन लागणार होतं आणि ठोकाठोक बंद होती. उचलायला क्रेन हवी होती, ती गल्लीत शिरत नव्हती. चर्चेअंती ठरलं की हे सहा किल्ले पुढील निर्णयापर्यंत 'जैसे थे' ठेवावेत.

"पण नियम आहे," श्यामलाताई अस्वस्थ होऊन म्हणाल्या. "कुठेतरी तो पाळला गेला पाहिजे. नाहीतर मंडळाला अर्थ काय?"

सगळ्यांनी अंगणभर पाहिलं. मग सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी थांबली.

"हा हातानेच निघेल," कौशिकराव म्हणाले.

खरोखरच निघाला. एक फावडं, दोन बादल्या. मुस्तफाचाचा म्हणाले, "अरे, लेकराचा बाप येतोय, राहू द्या ना चार दिवस." त्यावर त्यांना समजावण्यात आलं की एकाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील. सहा काँक्रीटचे किल्ले हे ऐकत उभे होते. नियमाची अंमलबजावणी झाल्याबद्दल टाळ्या वाजल्या. दोन्ही हात मातीने भरल्यामुळे मी वाजवू शकले नाही. दुसरी बादली माझ्याकडे होती.

त्या आठवड्याच्या शेवटी दयानंद दुक्महून आले. रेवा त्यांना अंगणात घेऊन आली. त्यांनी सातही किल्ले कौतुकाने पाहिले, टाइलवरून हात फिरवला.

"बाळा, यातला तुझा कुठला?"

"माझा नाहीये, बाबा," रेवा म्हणाली. "हे तुटत नाहीत. माझा तुटत होता, म्हणून माझा तोडला."

कार्यकारिणीने माझ्याकडे चाचणीचा निष्कर्ष मागितला आहे. मी तो लिहिला: कठीण तटबंदीवर मेंढा निष्प्रभ ठरतो, मऊ मातीवरही निष्प्रभ ठरतो. सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे नियम, आणि तो आदळण्यापूर्वी मऊ जागा बघून घेतो. यावर विश्वास बसत नसेल तर तुमच्या सोसायटीने, शाळेने, ऑफिसने शेवटची कडक कारवाई कुणावर केली ते आठवून पाहा. आणि आठवलंच, तर तेव्हा तुमच्या हातात फावडं होतं, बादली होती, की तुम्ही टाळ्या वाजवत होतात, तेवढं मला कळवा. निष्कर्षाला आकडेवारी जोडायची आहे.